परिसंवादात पोस्टर मांडताना

प्रश्न : मी सांगलीत एम. फार्म. करते. पुढच्या महिन्यात विद्यापीठातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या परिसंवादात गोळीच्या डिझोल्यूशनवर, म्हणजे गोळीतलं औषध द्रवात किती वेगानं विरघळतं त्यावर, पोस्टर मांडायचं आहे. तयारी कशी करू?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : छपाई दोन दिवस आधीच उरका. आयोजकांनी दिलेलं माप आणि पोस्टर उभं की आडवं हे नीट वाचा. ए-० म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंमी. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. छापणाऱ्याला पीडीएफच द्या, नाहीतर मायक्रोचं चिन्ह हमखास बदलतं.

खरी कसोटी, वेळेनुसार किती टक्के औषध विरघळलं ते दाखवणाऱ्या आलेखापाशी. परीक्षक तिथंच बोट ठेवतात. म्हणून 'पॅडल, ५० आरपीएम, ९०० मिली, ३७ अंश' अशी तुमची परिस्थिती (ढवळायचं पातं, मिनिटाला फेरे, द्रवाचं माप, तापमान) आणि गोळ्यांची संख्या आलेखाखालीच लिहा. एफ-२, म्हणजे दोन नमुन्यांचे आलेख किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढला असेल तर प्रत्येक नमुन्याच्या १२ गोळ्या हव्यात. ५० किंवा जास्त आला तर दोन्ही आलेख सारखे मानतात. पण दोन्ही नमुने ८५ टक्क्यांच्या पुढं गेल्यानंतरचा एकच बिंदू धरा. तिथं रेषा सपाट होऊन जवळ येतात, जास्त बिंदू घेतले की एफ-२ उगाच फुगतो. ही चूक फार होते, आणि जाणकाराला लगेच दिसते.

गोळ्यागोळ्यांत फरक जास्त असेल तर माध्यमातली, म्हणजे गोळी ज्यात विरघळते त्या द्रवातली, हवा काढली होती का, ते वहीत बघा. बुडबुडे चिकटले की गोळी नीट भिजत नाही, कधी वर उचलली जाते. दर वेळी मोजणीसाठी ५ मिली द्रव काढून तेवढंच ताजं माध्यम घातलं असेल, तर काढलेल्या औषधाची भरपाई हिशेबात धरलीत ना? हे विचारतातच.