मुलाच्या कार्यकारी स्मृतीसाठी टीडीसीएस: होकार देण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की, चौदा वर्षांच्या मुलाला तीन सूचना एकदम दिल्या की तिसरी हमखास निसटते, गणितात तो हातचा विसरतो, आणि आता त्याच्या कार्यकारी स्मृतीसाठी, म्हणजे माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याच्या क्षमतेसाठी, टीडीसीएसची (डोक्यावरून मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देण्याच्या पद्धतीची) 20 सत्रे सुचवण्यात आली आहेत. अशा मुलांच्या चाचण्या घेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, म्हणून माझे मत आधीच सांगते: आत्ता होकार देऊ नये.

या पद्धतीत मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बसवतात आणि त्यांतून साधारण 1 ते 2 मिलीअँपिअरचा प्रवाह वीसेक मिनिटे सोडतात. त्याने चेतापेशी स्वतःहून संदेश सोडत नाहीत, त्या किती सहज सोडतील एवढ्यातच थोडा फरक पडतो. नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी 2000 साली हालचालींशी संबंधित मेंदूभागावर हे दाखवले. पुढे 2005 मध्ये फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांना कपाळामागच्या डाव्या भागाला प्रवाह दिल्यावर मोजक्या निरोगी तरुणांची एका स्मृतिचाचणीतली अचूकता वाढलेली दिसली. मोठ्या आशेला तेथून सुरुवात झाली. पण निरोगी प्रौढांना एकच सत्र देऊन केलेल्या अभ्यासांचा 2015 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बौद्धिक कामांवर भरवशाचा परिणाम आढळला नाही. अनेक सत्रांच्या अभ्यासांतही, जिथे फायदा दिसतो तिथे तो लहान असतो आणि बहुधा सरावलेल्या चाचणीपुरताच राहतो. वर्गातला हातचा त्यामुळे लक्षात राहू लागेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

किशोरवयाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कपाळामागचा हा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. मुलांची कवटी पातळ असल्यामुळे तेवढ्याच प्रवाहाचा त्यांच्या मेंदूत अधिक जोर पोहोचतो. संगणकीय प्रतिमानांनुसार मुलाला दिलेला 1 मिलीअँपिअर प्रौढाला दिलेल्या सुमारे 2 मिलीअँपिअरच्या बरोबरीचा ठरू शकतो. शिवाय 2013 च्या एका प्रयोगात प्रौढांची एक क्षमता सुधारत असताना दुसरी मागे पडलेली दिसली होती, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच. खाज, टोचल्यासारखे वाटणे, त्वचेचा लालसरपणा, डोकेदुखी हे तात्पुरते त्रास त्यामानाने किरकोळ आहेत.

चुंबकीय उत्तेजन, म्हणजे टीएमएस, ही वेगळी पद्धत आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे व वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये त्यातल्या एका यंत्राला 15 वर्षांपासूनच्या मुलांसाठी मान्यता दिली, ती नैराश्यावरील पूरक उपचार म्हणून. कोणी त्या मान्यतेचा दाखला देऊन स्मृतीवर उपचार सुचवला, तर तो दाखला तिथे लागू होत नाही.

आता मुलाकडे वळू. आकडे उलट क्रमाने सांगण्याच्या चाचणीत मी अशाच दुसऱ्या एका मुलाला 7-2-9-4 सांगितले. अंगठा एकेका बोटाला टेकवत तो ‘4, 9’ म्हणाला, दाराबाहेर कोणीतरी बोलले तिकडे त्याने पाहिले, आणि पुढचे गेले. त्याच लांबीची दुसरी मालिका त्याने बिनचूक सांगितली. गुण कमीच आले, पण कमी पडली ती साठवण्याची जागा नव्हती, लक्ष निसटत होते. अपुरी झोप, परीक्षेची भीती, कमी ऐकू येणे, एडीएचडी (लक्ष टिकवण्यात आणि स्वस्थ बसण्यात अडचण येणारी अवस्था), यांपैकी कशानेही असेच चित्र दिसते आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून आधी बाल मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून सविस्तर तपासणी करून घ्यावी.

त्यानंतरही हा मार्ग घ्यावासा वाटला, तर नीतिसमितीने मंजूर केलेल्या संशोधन-चाचणीतच घ्यावा. तेथे लुटुपुटूच्या सत्रांचा तुलनागट आहे का, हे विचारावे. त्या सत्रांत प्रवाह सुमारे 30 सेकंद सोडून बंद करतात, त्यामुळे खाज जाणवते आणि खरे कोणते ते कळत नाही. सुधारणा कशावर मोजणार, संगणकावरच्या त्याच खेळावर की शाळेतल्या कामावर, हेही लेखी घ्यावे. मुलाला सारे समजावून त्याची स्वतःची संमती मागावी. घरी वापरायचे यंत्र मात्र मुळीच आणू नये, कारण स्पंजची जागा थोडी सरकली तरी प्रवाहाचा मार्ग बदलतो.

तपासणी होईपर्यंत सूचना एकेक करून द्याव्यात, तिसरी कागदावर लिहून द्यावी, आणि हातचा मांडण्यासाठी वहीत वर एक चौकोन आखून द्यावा. शिक्षकांनाही एवढेच सांगावे.