आईची एफडी मोडून गच्चीवर पफ करावा का?

प्रश्न: कोथरूडला शेवटच्या मजल्यावर आमचा ७०० चौरस फुटांचा फ्लॅट आहे. इमारत १८ वर्षांची. एप्रिल-मेमध्ये रात्री अकरालाही छत तापलेलं असतं. ७६ वर्षांची आई ओला पंचा अंगावर घेऊन झोपते, एसी तिला सोसत नाही. ठेकेदार गच्चीवर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) फवारून वर कोबा करायचे १ लाख ४७ हजार सांगतो. पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचा भाव ३५ रुपये चौरस फूट आहे. दरमहा आठेक हजार शिल्लक पडतात. आईची ३ लाखांची एफडी मोडावी का?

उत्तर: एफडी मोडू नका. ती आईच्या आजारपणाची तरतूद आहे, आणि या वयात तिची गरज कधी पडेल ते सांगून येत नाही.

ठेकेदार म्हणतो, वीज वाचेल. जरा मांडून बघू. तुमच्या खोलीतला दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट धरला, तर रोज सहा तास, ९० दिवस म्हणजे ८१० युनिट. १२ रुपये दराने ९,७२० रुपये. त्यातला तिसरा हिस्सा वाचला तरी ३,२४० रुपये. उलट १ लाख ४७ हजारांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १०,२९० रुपये व्याज बुडतं, मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच. बिलासाठी हा खर्च परवडत नाही. आईच्या झोपेसाठी करायचा, तर तीच झोप स्वस्तात मिळते का ते आधी पाहावं.

रात्री छत गरम लागतं, कारण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. म्हणून ऊन वरच अडवलेलं बरं. खालून फॉल्स सीलिंगमध्ये ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरलं तर फरक पडतो, पण स्लॅब तापतच राहतो, उंची जाते आणि गळती झाकली जाते. ओलं झालेलं ग्लासवूल तर कामातूनच जातं. जुन्या इमारतीत मी ते सुचवणार नाही.

पफ उत्तम उष्णतारोधक आहे यात वाद नाही. तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटपेक्षा त्यातून कित्येक पटींनी कमी उष्णता जाते. मात्र उन्हात तो खराब होतो, म्हणून वर कोबा हवाच, आणि पुढे गळती निघाली तर सगळं फोडावं लागतं. एक्सपीएसचे (थर्मोकोलच्या जातीच्या घट्ट फोमचे) बोर्ड पाणी फारसं शोषत नाहीत, त्यामुळे ते वॉटरप्रूफिंगच्या वर अंथरता येतात. तुमच्यासाठी मला तेच योग्य वाटतात, पण आत्ता नाही.

गच्ची सोसायटीची आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. १८ वर्षांच्या इमारतीचं वॉटरप्रूफिंग कधी निघणार ते सेक्रेटरींना विचारा. ते काम निघेल तेव्हाच बोर्ड टाकून घ्या. फोडाफोड आणि कोब्याचा खर्च दुसऱ्यांदा पडणार नाही, तुम्हाला फक्त बोर्डांचे पैसे भरावे लागतील. त्यासाठी आजपासून आरडी सुरू करा.

या उन्हाळ्यापुरता रंग लावा: २४,५०० रुपये, तुमची तीन महिन्यांची शिल्लक. आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, तेव्हा दर फेब्रुवारीत गच्ची घासून धुवा, आणि काही वर्षांनी नवा हात द्यावा लागेल हे धरून चाला. आईचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल, तर तो आजच सरकवा.