अंडी रिकामी जातायत? आधी जोडी तपास
घाईने अंडी फेकू नकोस, झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं यायला उबवायला बसल्यापासून 12 ते 14 दिवस लागतात. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धर. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे; नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर रिकामं.

मग जोडीच तपास. नराच्या गालावर नारिंगी डाग असतो, पण पांढऱ्या झेब्रात तो नसतो. तिथे चोच बघ, नराची जास्त गडद लाल. मी दोन माद्या अख्खा पावसाळा 'जोडी' म्हणून सांभाळल्यात! एका घरट्यात आठ-दहा अंडी दिसली की हाच संशय घे.

बसायची दांडी बोटाने हलवून बघ. डुगडुगली तर जोडी जुळताना नराचा तोल जातो आणि अंडी रिकामी राहतात. समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं, कॅल्शियमचं हाड) ठेवच, पण त्याने कवच सुधारतं, अंडं फळत नाही.