पाठ टेकवायला शिकावं लागेल

भाऊ,

तुझा निरोप आला तेव्हा लगेच उत्तर दिलं नाही, कारण तू जे विचारलंस ते माझंच अजून मिटलेलं नाही. तुझ्याकडे कुस्तीतलं विद्यापीठाचं सुवर्ण आहे, राज्याच्या निवड चाचणीत गाडी अडते, आणि आता एका अमेरिकन कंपनीनं व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे टीव्हीवर निकाल ठरवून खेळतात त्या कुस्तीच्या, चाचणीला बोलावलंय. निवड झाली तर बायकोला आणि पाच वर्षांच्या पोरीला घेऊन जाऊ का, असं विचारतोस. व्हिसाचे प्रकार, फी, अर्ज यातलं मी काही लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळावर आहे आणि माझ्या आठवणीपेक्षा ताजं आहे. तिथे जे नाही तेवढंच लिहितो.

आधी अंगाचं. आपल्याकडे पोरगं तालमीत पाय ठेवतं तेव्हापासून वस्ताद एकच घोकून घेतात, पाठ लागू देऊ नको. पुढे धोबीपछाड, ढाक, कलाजंग असे डाव येतात, पण मुळात सगळी विद्या पाठ वाचवायची. तुझ्या-माझ्यासारख्याच्या अंगात ते इतकं मुरलेलं असतं की घरात पाय घसरला तरी आपण हवेतच वळतो. आणि तिथे, कंपनीच्या प्रशिक्षणात, पहिल्या दिवशी सांगतात, उभा राहा आणि मागे पड. हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, दोन्ही हात तळव्यांसकट खाली आपटायचे आणि सगळी पाठ एकदम सपाट टेकवायची. याला ते बम्प म्हणतात. हे पुन्हा पुन्हा, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. खाली लाल माती नसते. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. टीव्हीवर ते गादीसारखं दिसतं.

माझं अंग ऐकेना. मी पडता पडता वळायचो आणि खांद्यावर जायचो. शिकवणारा ओरडायचा की असाच पडलास तर गळ्याचं हाड मोडून घेशील. माझ्यासोबत जी पोरं होती त्यातलं एक नाच शिकलेलं, एक जाहिरातीत फोटो देणारं. मातीत एकेकाला चहा थंड व्हायच्या आत चीत केलं असतं. पडण्यात ती माझ्या कितीतरी पुढे होती आणि मला दाखवून देत होती. हा अपमान कुणी करत नाही, त्यामुळे कुणावर रागावताही येत नाही.

रिंगणाभोवतीच्या दोऱ्यांवर धावायला शिकवतात तेव्हा काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे वळ उठतात, ते जातात. डावी बाजू मात्र आतापासून घोटायला घे. अमेरिकेत-कॅनडात जवळजवळ सगळ्या पकडी डाव्या हातावर, डाव्या पायावर धरतात, मानेचा विळखासुद्धा डाव्या बगलेत. मेक्सिकोत उलट, तिथे उजवी. सगळे एकाच बाजूनं खेळले की अनोळखी माणसासोबतही दुखापत टळते, एवढंच त्यामागे आहे. आपला हात पहिल्या झटक्याला उजवीकडे जातो आणि समोरचा माणूस भलत्याच जागी सापडतो.

निकाल आधी ठरलेला असतो हे तुलाही माहीत आहे. दंगलीत नुरा कुस्ती धरली की आपल्याकडे पंच दोघांना हाकलतात आणि लोक आई-बहीण काढतात, म्हणून तुझ्या मनात जी शंका आहे ती मला कळते. इथला प्रेक्षक सगळं माहीत असून तिकीट काढतो. अवघड आहे ते दुसरंच. समोरचा तुला डोक्यावर उचलतो तेव्हा तुझी मान त्याच्या हातात असते, आणि पुढच्या मिनिटाला त्याची तुझ्या. आयुष्यभर ज्याला पाडायचं शिकलो त्याला सांभाळायचं. याबाबतीत मी लवकर तरबेज झालो, कदाचित तालमीतल्या लहान पोरांना खेळवल्यामुळे. तेवढं एक श्रेय स्वतःला देतो.

पदक घेऊन जाणाऱ्यांचं काय होतं हे पाहायचं तर दोन माणसं पाहा. कर्ट अँगल, १९९६ चं अटलांटा ऑलिंपिक, १०० किलो फ्रीस्टाइलचं सुवर्ण. १९९९ मध्ये टीव्हीवर उतरला आणि सुवर्णपदकाची घमेंड मिरवणारा, सगळ्यांना उपदेश करणारा माणूस झाला. लोक हुर्यो करायचे आणि तो ती हुर्यो खायचा. बघता बघता मोठा झाला. दुसरा गेबल स्टीव्हसन. टोकियो ऑलिंपिकमध्ये १२५ किलोच्या अंतिम लढतीत अगदी शेवटच्या सेकंदाला गुण घेऊन सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीनं करार केला. टीव्हीवरची पहिली एकेरी लढत २०२३ मध्ये झाली, तिथे लोकांनी त्यालाच हिणवलं, आणि २०२४ मध्ये त्याला सोडून दिलं. तो परत कॉलेजच्या मॅटवर गेला आणि २०२५ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीत हरला. ताकदीत, चपळाईत त्याच्या जवळपास जाणारे जगात मोजके. तरी त्या रिंगणात लोकांनी त्याला आपलं म्हटलं नाही. तू ऑलिंपिकवाला नाहीस, मीही नव्हतो. मग आपल्या विद्यापीठाच्या सुवर्णाचं तिथे काय वजन, तू समज.

माझे आजोबा दारासिंगची गोष्ट सांगायचे, १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ या अमेरिकन व्यावसायिक मल्लाला पाडल्याची. त्यांच्या लेखी तीही कुस्ती आणि यात्रेत नारळावर लावलेली जोडही कुस्ती. आमच्या पिढीला एवढं सोपं राहिलं नाही.

आता कागदांचं, आणि इथे माझं डोकं फिरतं. माझी जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. आपल्या गावात निम्म्या पोरांची १ जूनच असते, मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत तारीख वेगळी, आणि तिथे माझं नावच नाही, नुसतं 'पुरुष'. तिकडच्या कार्यालयात बसलेल्या बाईला मी हे समजावायला गेलो. तिचं म्हणणं, दोन तारखा म्हणजे दोन माणसं. प्रतिज्ञापत्र दिलं तर म्हणाली, हे तुम्हीच लिहिलंय. आईचं प्रतिज्ञापत्र दिलं तर त्यावर अंगठा, सही का नाही. माझ्या आईनं मला जन्म दिला हे पटवायला मला आपल्या पारोळ्याच्या तहसीलमधून शिक्का आणावा लागला, आणि तो शिक्का इंग्रजीत नाही म्हणून परत आला. तुझ्या पोरीचा दाखला आजच बघ. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, स्पेलिंग, सगळं पासपोर्टशी जुळतं का ते तपास. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर तेही आताच निस्तर.

पोरीच्या शाळेचं विचारलंस, म्हणून सांगतो. माझा पोरगा नोव्हेंबरचा. फ्लोरिडात वर्ग ठरतो तो १ सप्टेंबरच्या वयावर, ओंटारियोत जन्मवर्षावर. करार संपल्यावर आम्ही फ्लोरिडातून इकडे कॅनडात आलो आणि पोरगा एका झटक्यात एक वर्ग वर गेला, आपल्यापेक्षा थोराड पोरांमध्ये. ते तरी ठीक. प्रवेशाच्या अर्जात 'घरात बोलली जाणारी भाषा' असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे अहिराणी लिहिलं. त्यावरून त्याला इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात घातलं. पोरगं फ्लोरिडाच्या शाळेतून आलेलं, माझ्याशी भांडतं तेही इंग्रजीत! मी शाळेत गेलो, तर मला सांगितलं की घरी इंग्रजी बोला म्हणजे त्याला मदत होईल. मी उभा राहिलो तेव्हा ती शिक्षिका खुर्चीत मागे सरकली. माझे तालमीत चेपलेले कान आणि जाड मान बघून सरकली असेल. त्यानंतर मी शाळेत जात नाही, बायको जाते. पोरगं आता त्या गटातून बाहेर आलंय आणि हुशार आहे, पण आजीशी अहिराणी बोलायला लाजतं. फोनवर ती "कसा शेस रे भो?" विचारते आणि हा फोन माझ्या हातात देतो. याचा राग कुणावर काढू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बायकोचं नीट ऐक. खेळाडूच्या व्हिसावर तू गेलास तर तिला तिथे कमावता येणार नाही. कागदावर ही एक ओळ आहे. माझी बायको जळगावला परिचारिका होती, रात्रपाळीत वॉर्ड एकटीनं सांभाळायची. फ्लोरिडात ती भाड्याच्या घरात बसून माझ्या पाठीवर बर्फ लावायची. बस नाही, गाडी एक, ती माझ्याकडे. पुढे कॅनडाचा रस्ता तिच्या शिक्षणावर उघडला, माझ्या पदकांवर नाही. आज घर तिच्या पगारावर चालतं. मी दिवसा गोदामात असतो आणि शनिवारी छोट्या सभागृहांत उतरतो, पेट्रोल सुटेल इतक्या पैशांवर. हे ऐकून तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. मला शनिवारी वाईट वाटत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. होतो, सगळ्यांना होतो, त्यावर खूप लोकांनी लिहिलंय. दिवाळी निघते, महाराष्ट्र मंडळ असतं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मात्र फोन बंद ठेवतो. पुढे चल.

कंपनीनं मला काय केलं ते ऐकलं असशील. फेटा बांधला, मिशा वाढवायला लावल्या, हत्तीच्या गोष्टी सांगणारा कुठलातरी राजा केला आणि माझं इंग्रजी होतं त्यापेक्षा वाईट बोलायला लावलं. पारोळ्याच्या माणसाचा हत्तीशी काय संबंध? रोज हरायचो, बहुतेक वेळा माझ्या निम्म्या वजनाच्या पोराकडून. गावात स्टँडवर माझा फलक लागलेला होता, 'हार्दिक अभिनंदन' म्हणून. पोरांनी फोनवर माझ्या लढतीचा तुकडा पाहिला, मग फलक कधी उतरला ते कुणी सांगितलं नाही. वस्तादांनीही पाहिलं. गावानं वर्गणी काढून माझं दूध-बदाम लावलं होतं आणि त्या वर्गणीची वही वस्तादांच्या हातची होती. ते मला एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला मी फोन करतो, ते तब्येत विचारतात, पावसाचं सांगतात.

आणि जे त्यांना सांगता आलं नाही ते तुला सांगतो. मला ते आवडलं. मी बाहेर आलो की सगळं सभागृह माझ्यावर ओरडायचं, आणि मी एक बोट ओठांवर ठेवलं की दुप्पट ओरडायचं. मैदानात जिंकल्यावर लोकांनी मला खांद्यावर घेतलेलं आहे, तरी इतका ताबा मला कधी वाटला नव्हता. फेट्याची लाज वाटते आणि त्या आवाजाची ओढही आहे. शनिवारचं जाणं त्यासाठीच. बायकोला हे माहीत आहे. वस्तादांना सांगायचं तर शब्द कुठून आणू?

तर जा. पण जाण्याआधी गावाकडचं दार बंद करून जाऊ नको. आपल्याच चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि पोलीस खात्यात उपअधीक्षक झाले. तेवढी उंची सगळ्यांना गाठता येत नाही, पण राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घे. निघण्याआधीच कर. वयाची मर्यादा तुझी वाट बघणार नाही.

वस्तादांना स्वतः जाऊन सांग. तालमीत, सगळे असताना नको. सकाळी ते एकटे माती खणत असतात तेव्हा. काय खेळणार आहेस, निकाल ठरलेला असतो, सगळं सांग. ते चिडतील, चिडू दे.

करार आला की सही करण्याआधी सगळी पानं मला पाठव. तीन गोष्टी बघायच्या. तुला जे नाव देतील ते कंपनीच्या मालकीचं असेल, करार संपल्यावर ते वापरता येतं का. तुला नोकर म्हणून घेतात की स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, कारण दुसऱ्या प्रकारात घरच्यांचा आरोग्य विमा तुझ्या खिशातून जातो आणि तिकडे तो मासिक हप्ता बघून घाम फुटतो. आणि त्यांनी मधेच सोडलं तर परतीचं तिकीट कोण काढणार. तिघांचं, तुझ्या एकट्याचं नाही.

फोन रविवारी कर, तुझ्या संध्याकाळी. शनिवारी मी नसतो.