अपडेटचा बुधवार आणि अकरा तारीख : संगणक-सल्ला, वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे लहान कार्यालयांत संगणकांची देखभाल पाहणाऱ्या वाचकांची आहेत आणि त्यांतील तक्रारींचा रोख मुख्यतः अपडेटवर आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयातील बारा संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. ऐन जीएसटीच्या धावपळीत सकाळी दोन-तीन संगणक ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ असे दाखवत अडून बसतात आणि त्याच दिवशी इंटरनेटही रांगते. साहेबांनी आता सर्व संगणकांवरील अपडेट कायमचे बंद करण्यास सांगितले आहे. तसे करावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कायमचे बंद करू नये. मात्र आपल्या साहेबांचा वैताग अस्थानी नाही, कारण आपल्याकडे जे घडते आहे त्यात योगायोगाचा भाग थोडाच आहे. विंडोजचे मासिक सुरक्षा-अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजता प्रसिद्ध होते. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, तर हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे आपल्या कार्यालयापुरते ते बुधवारी सकाळी, संगणक सुरू केल्यावर येऊ लागते. दुसरा मंगळवार ८ ते १४ या तारखांच्या बाहेर कधीच जात नाही आणि मासिक जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरण्याची मुदत असते ११ तारखेची. २०२६ चे कॅलेंडर काढून पाहावे. फेब्रुवारी आणि मार्च या दोन्ही महिन्यांत दुसरा मंगळवार १० तारखेला येतो, म्हणजे अपडेट कार्यालयात पोहोचण्याचा दिवस नेमका ११ तारखेचा बुधवार.

दुसरे कारण विजेच्या बोर्डाशी आहे. पुष्कळ कार्यालयांत संध्याकाळी शेवटी निघणारी व्यक्ती मुख्य स्विच पाडून जाते. वीजबचतीसाठी आणि सुरक्षिततेसाठी ही सवय चांगलीच आहे, परंतु त्यामुळे रात्रीचे निवांत तास संगणकाला कधी मिळतच नाहीत आणि डाउनलोड, स्थापना व रीस्टार्ट ही सगळी कामे कामाच्या वेळेतच उरकावी लागतात. शिवाय ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल, तर साध्या ‘शट डाउन’ने विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, तिचा गाभा झोपलेल्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवला जातो. अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण व्हायचे असेल तर ‘रीस्टार्ट’ किंवा ‘अपडेट अँड शट डाउन’ हाच पर्याय निवडावा लागतो. ‘आम्ही तर रोज बंद करतो’ असे सांगणाऱ्या कार्यालयांत अपडेट आठवडेच्या आठवडे तुंबून राहिलेले आढळते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आता उपाय. आपले संगणक विंडोजच्या प्रो आवृत्तीवर असतील, तर ग्रुप पॉलिसी या विंडोजमधील नियम ठरवण्याच्या सोयीतून मासिक सुरक्षा-अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवता येते. आपण १४ दिवस ठरवावेत. ८ अधिक १४ म्हणजे २२ आणि १४ अधिक १४ म्हणजे २८, अर्थात ते कोणत्याही महिन्यात जीएसटीआर-१ ची ११ आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्राची २० ही दोन्ही तारखा उलटल्यावरच येईल. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी मिळत नाही. तेथे सेटिंग्जमधील ‘पॉज अपडेट्स’ हा पर्याय त्या मंगळवारीच दोन आठवड्यांसाठी हाताने वापरावा लागेल. बारांपैकी एक संगणक मात्र या विलंबातून वगळावा. तो शक्यतो आपला स्वतःचा असावा आणि त्यावर कार्यालयात चालणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि प्रिंटर हे सगळे बसवलेले असावे. टोकन ओळखले जात नाही किंवा प्रिंटर रुसला आहे, हे अकरा जणांआधी आपल्याला कळले पाहिजे. एखाद्या त्रुटीचा गैरवापर आधीच सुरू झाल्याचे मायक्रोसॉफ्टने अपडेटसोबत जाहीर केले असेल, तर मात्र १४ दिवस न थांबता, मुदतीचे काम संपताच त्याच संध्याकाळी ते घ्यावे.

ठरलेल्या दिवशी मुख्य स्विच अर्धा-पाऊण तास उशिरा पाडावा, एवढी विनंती शिपायाला करावी लागेल. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेत अवघड भाग हाच आहे. इंटरनेट रांगण्याचे कारण असे, की बाराही संगणक तीच फाइल स्वतंत्रपणे ओढत असतात. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांतील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये फक्त स्थानिक नेटवर्कवरील संगणकांकडून घेण्याची मुभा दिली, की एकाने उतरवलेले भाग इतरांना आतल्या आत मिळू शकतात.

राहिला प्रश्न साहेबांना काय सांगायचे याचा. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने १२ मे २०१७ रोजी जगभरातील संगणक कुलूपबंद केले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिचे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या विषाणूने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. मात्र या दुसऱ्या प्रकरणाची आणखी एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणून अपडेट येताक्षणी सर्वत्र बसवणे आणि ते कायमचे बंद करणे, या दोन्ही टोकांपेक्षा ठरवून घेतलेला छोटा विलंब मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रश्न : आम्ही वकिलांच्या कार्यालयासाठी टंकलेखन करतो. जुना संगणक बदलून नवा घेतला. ‘मंगल’मध्ये केलेले दस्त नव्या संगणकावर उघडल्यावर ओळी वेगळ्या तुटतात आणि अठरा पानांचा दस्त एकोणीस पानांचा होतो. फॉन्टच्या चौकटीत नाव मात्र ‘मंगल’च दिसते. त्याहून जुन्या काही फाइली तर इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडतात. वर्ड बिघडले आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : वर्ड बिघडलेले नाही. आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत.

पहिल्या अडचणीचे कारण फार थोड्यांना ठाऊक असते. आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल हा फॉन्ट विंडोज २००० पासून विंडोजसोबत आपोआप येत असे. विंडोज १० पासून मात्र मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे देवनागरी फॉन्ट मूळ स्थापनेतून काढून ऐच्छिक घटकांत ठेवले गेले आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी ‘निर्मला यूआय’ हा एकच फॉन्ट कायम राहिला. त्यामुळे कोऱ्या स्थापनेच्या संगणकावर मंगल नसण्याची शक्यता असते. अशा वेळी वर्ड दस्तातील फॉन्टचे नाव तसेच ठेवते आणि अक्षरे दुसऱ्या फॉन्टमध्ये दाखवते. दोन फॉन्टमधील अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची वेगळी असल्यामुळे पानांची संख्या बदलते. सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ हा घटक जोडावा. इंटरनेट लागते, पण वेगळा खर्च नाही. नवा संगणक कार्यालयात आला की प्रिंटरच्या आधी हे करून टाकावे, कारण पृष्ठक्रमांकांचे संदर्भ असलेल्या दस्तात एका पानाचा फरक निस्तरणे किती जिकिरीचे होते, ते आपण अनुभवलेच आहे. अंतिम प्रत दुसऱ्याकडे पाठवायची असेल तर ती पीडीएफ करूनच पाठवावी.

दुसरी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी प्रमाण पद्धत रुळण्यापूर्वीच्या) फॉन्टची आहे. त्या फाइलींत मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे, आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम तो विशिष्ट फॉन्ट करत असतो. जुन्या संगणकावरून तो फॉन्ट आणून बसवला तर वर्डमधील फाइल पुन्हा वाचता येईल. छपाईसाठी अॅडोबीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ‘टाइप १’ प्रकारच्या फॉन्टचा आधार त्यांतून जानेवारी २०२३ पासून काढण्यात आला आहे. मोलाच्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात, मात्र रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालणे टाळू नये. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो. रूपांतर करणारी सॉफ्टवेअर हमखास चुकतात ती याच ठिकाणी आणि जोडाक्षरांत. दस्तांत गावांची व माणसांची नावे अशाच अक्षरांनी भरलेली असतात.

प्रश्न : एका संगणकाला जोडलेला प्रिंटर इतर पाच जण नेटवर्कवरून वापरतात. अपडेटनंतर त्यांतल्या दोघांना शेवटी ‘११बी’ असलेला त्रुटी-क्रमांक दिसतो आणि छपाई होत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदींत) एक बदल केल्यास हे सुटते असे एका तंत्रज्ञाने सांगितले. करावा का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : छपाई सुरू होईल, पण तो बदल करू नये. सामायिक प्रिंटरसाठी दोन संगणकांमध्ये होणाऱ्या संवादात सुरक्षेची एक त्रुटी होती आणि ती बुजवणारी कडक तपासणी सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने सक्तीची केली. एक बाजू ही तपासणी मागते आणि दुसरी बाजू जुनी असल्यामुळे ती देऊ शकत नाही, तेव्हा हा क्रमांक दिसतो. तंत्रज्ञ सुचवत असलेला बदल ही तपासणीच बंद करतो. म्हणून आधी सहाही संगणकांवरील अपडेट सारख्या पातळीवर आणावे. प्रिंटर ज्याला जोडला आहे तोच संगणक विंडोज ७ वर असेल, तर प्रिंटर अद्ययावत संगणकाला जोडावा. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर त्याहून बरे: राउटरमध्ये त्याला कायमचा आयपी पत्ता देऊन प्रत्येक संगणकावर तो थेट त्या पत्त्याने जोडावा. मग कोणाचा तरी संगणक बंद आहे म्हणून पाच जणांची छपाई अडणार नाही.

याच जातीची दुसरी तक्रार विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर वाढली आहे. कॉपियरवर केलेले स्कॅन संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये पोहोचत नाही. या आवृत्तीच्या प्रो प्रकारात फोल्डर-संवादावर स्वाक्षरी सक्तीची आहे आणि पासवर्डाशिवाय पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश बंद आहे. कॉपियरचे फर्मवेअर (त्याच्या आतील प्रोग्राम) अद्ययावत करून घ्यावे आणि स्कॅनसाठी पासवर्ड असलेले वेगळे खाते तयार करून तेच कॉपियरमध्ये नोंदवावे.

प्रश्न : लॅपटॉपचे बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी बिटलॉकर किल्ली मागितली जात आहे. आम्ही बिटलॉकर कधीच चालू केले नव्हते. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण केले नसेल, विंडोजने केले असेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून विंडोज ११ सुरू केलेल्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कचे कूटबंधन (किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी व्यवस्था, म्हणजेच बिटलॉकर) आपोआप होते आणि किल्ली त्याच खात्यात साठवली जाते. खाते कोणाचे, हा कळीचा मुद्दा आहे. लॅपटॉप घेतला तेव्हा तो ज्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या खात्याने सुरू केला असेल, त्याला आजच फोन करावा, मग तो नोकरी सोडून गेला असला तरीही. किल्ली कोठेच मिळाली नाही तर डिस्कवरील माहिती परत मिळण्याचा मार्ग नाही, आणि ‘काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदारावर पैसे घालवू नयेत. उरलेल्या संगणकांच्या किल्ल्या आज छापून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवाव्यात आणि पुढे बायोस अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष फाइलीमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा ती फाइल तासा-दीड तासात मागे घेतली गेली होती. तरीही दुरुस्ती लांबली, कारण अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन हाताने काम करावे लागले आणि कूटबंधन असलेल्या संगणकांवर आधी ही किल्लीच शोधावी लागली.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत विंडोज १० चे आठ संगणक आहेत. विक्रेता म्हणतो, ‘चालत नाही असे म्हणतात, पण मी त्यांच्यावरच विंडोज ११ टाकून देतो.’ टाकू द्यावे का? — एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, त्यामुळे निर्णय आपल्याला घ्यावाच लागेल. विक्रेत्याला नकार देण्यापूर्वी एक तपासणी करावी. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. प्रोसेसर पुरेसा नवा असूनही टीपीएम बायोसमध्ये नुसता बंद ठेवलेला असतो, असे बरेचदा आढळते. तसे असेल तर तो चालू करून रीतसर विंडोज ११ घेता येईल. प्रोसेसरच जुना असेल, तर अटी चुकवून केलेल्या स्थापनेला पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सभासदांच्या ठेवींचे हिशेब अशा संगणकावर ठेवणे मला मान्य नाही. संस्थांसाठी सशुल्क वाढीव अपडेटची सोय तीन वर्षे आहे. तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. म्हणून संगणक टप्प्याटप्प्याने बदलेपर्यंतचे एक वर्ष काढण्यापुरतीच ती परवडते.

नवे संगणक मागवण्याआधी पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष एक पासबुक छापून दाखवून घ्यावे. चालत नसेल, तर त्या एका प्रिंटरपुरता जुना संगणक ठेवावा आणि त्यावरून इंटरनेट व ईमेल काढून टाकावे.