इस्राएलला लिखित राज्यघटना का नाही?

प्रश्न असा: फाळणीच्या वणव्यातही भारताने घटना लिहिली, मग एवढ्याशा इस्राएलला ती का जमली नाही, आणि त्यावाचून त्यांचं अडलं काय?

जमली नाही म्हणण्यापेक्षा टाळली म्हणा. १४ मे १९४८च्या जाहीरनाम्यात मुदतसुद्धा होती: निवडून आलेल्या घटना समितीने १ ऑक्टोबरपर्यंत घटना स्वीकारायची. युद्ध चालू होतं, निवडणूकच जानेवारी १९४९मध्ये झाली. १४ फेब्रुवारीला समिती बसली आणि दोनच दिवसांत कायदा करून ‘पहिली क्नेसेट’, म्हणजे संसद, होऊन बसली. घटना लिहायला निवडलेली माणसं सरकार चालवायला लागली. आपल्या घटना समितीकडेही दोन्ही कामं होती, पण बैठका वेगळ्या भरत: घटनेच्या बैठकीत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद, कायदेमंडळाच्या बैठकीत दादासाहेब मावळंकर. वरवर बारीकशी, पण फार मोलाची सोय.

धार्मिक पक्षांचं म्हणणं सरळ होतं: तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, असताना माणसाने लिहिलेली घटना कशाला? पहिले पंतप्रधान बेन गुरियन स्वतः धार्मिक नव्हते, पण सरकार टिकवायला त्यांना हे पक्ष हवे होते. जाहीर कारण वेगळं दिलं: बहुतेक ज्यू अजून देशात यायचे आहेत, त्यांच्या वतीने आपण कसं ठरवणार? माझ्या मते हात बांधून घ्यायचे नव्हते, हे त्याहून खरं. शेवटी १३ जून १९५०ला हरारी ठराव ५० विरुद्ध ३८ मतांनी झाला: घटना एकेका प्रकरणाने, ‘मूलभूत कायद्यां’च्या रूपात लिहायची. मुदत कुठेच नाही. पहिलं प्रकरण यायला १९५८ उजाडलं.

मग अडलं काय? लग्न. १९५३च्या कायद्याने ज्यूंचे विवाह-घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयाकडे गेले. मुसलमान, ख्रिस्ती, द्रूझ यांची आपापली न्यायालयं. ही तुर्की अमलापासूनची घडी. नोंदणी पद्धतीचं लग्न देशात नाहीच.

याचा चटका मराठी माणसांनाही बसला. पुण्यात रास्ता पेठेत ज्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे ते बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, तिकडे स्थलांतरित झाले. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा निर्देश निघाला: बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची वंशावळ तपासा. पेणकर, नवगावकर अशी आडनावं सांगणाऱ्या, घाण्यावर पिढ्या घालवलेल्या घरात पणजीच्या ज्यूपणाचा कागद कुठून निघणार? मूलभूत हक्काचं कलम दाखवून कोर्टात जावं, तर तसं कलमच नव्हतं. निदर्शनं झाली, १९६४मध्ये क्नेसेटने ठराव करून ते पूर्ण ज्यू असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे निर्देशातून त्यांचं नाव गेलं. संशयितांची चौकशी करण्याचा सर्वसाधारण नियम मात्र राहिला.

भारताने हा प्रश्न सोडवला असं मी म्हणणार नाही. समान नागरी कायदा कलम ४४मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत टाकून आपणही टोलवलाच. पण लिहून टोलवला. शिवाय कलम २५मध्ये धर्मस्वातंत्र्य देतानाच सामाजिक सुधारणेचे कायदे करायला सरकारला मोकळीक ठेवली. त्यामुळे भांडायला निदान मजकूर आहे.

इस्राएलमध्ये मानवी प्रतिष्ठा व स्वातंत्र्याचा मूलभूत कायदा १९९२मध्ये आला, तोही १२० जणांच्या सभागृहात ३२ विरुद्ध २१ मतांनी. त्याच्या बळावर न्यायालय १९९५पासून नवे कायदे तपासू लागलं. पण त्याचं कलम १० म्हणतं की आधीपासून लागू असलेल्या कायद्यांच्या वैधतेला यामुळे बाधा येणार नाही. म्हणजे १९५३चा विवाह कायदा सहीसलामत. रब्बी ज्यांचं लग्न लावत नाहीत ती जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन लोकसंख्या नोंदणीत ‘विवाहित’ लिहून घेतात. ही पळवाटही १९६३च्या एका निकालाची, कायद्याची नव्हे.