चेक कुणाच्या खात्याचा?

प्रश्न : आमची कंपनी घरचीच, प्रायव्हेट लिमिटेड. सासऱ्यांनी उभी केली. ते, माझा नवरा, दीर आणि मी असे चौघं संचालक आहोत. थोडे शेअर्स आत्तेसासूबाईंकडे आणि चुलतदिरांकडेही आहेत. वर्षाचा नफा तीन कोटींच्या आसपास असतो, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्च करण्याचा, दोन टक्क्यांचा कायदा आम्हाला लागत नाही. तरी सासरे दारात येईल त्याला चेक फाडून देतात. दीर म्हणतात, सक्ती नाही तर वाटायचं कशाला? मला वाटतं, द्यावं, पण ठरवून द्यावं. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : ताई, कायदा लागत नाही हे आजचं खरं, पण नफ्याची रेघ तुमच्यापासून फार लांब नाही. कंपनी कायद्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात निव्वळ नफा 5 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 500 कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून सूट नाही. एखादं वर्ष चांगलं गेलं की तुम्ही त्या कायद्यात. तेव्हा मार्च महिन्यात धावाधाव करून कुणाच्या तरी गळ्यात पैसे मारणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. त्यापेक्षा आत्ताच हात बसलेला बरा.

पण तुमच्या पत्रात मी अडखळलो तो ‘चेक फाडून देतात’ या शब्दांवर. चेक कुणाच्या खात्याचा? सासऱ्यांच्या स्वतःच्या असेल तर त्यांची मर्जी, त्यात ना तुम्ही बोलावं ना मी. कंपनीच्या खात्याचा असेल तर त्यात आत्याबाईंचाही वाटा आहे, आणि त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. धर्मादाय देणगी देण्याचा अधिकार कलम 181 संचालक मंडळाला देतं, एकट्या संचालकाला नाही. वर्षभरातल्या अशा देणग्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांवर जाणार असतील, तर आधी भागधारकांच्या सभेची परवानगी लागते. तुमच्या आकड्यांनी ती मर्यादा साधारण 15 लाख येते. सासरे कुठवर पोचलेत, ते लेजर उघडून बघा.

मी तीस वर्षं अशाच एका घरच्या कंपनीचे हिशेब लिहिले. मालक दिलदार. एका शाळेला त्यांनी पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं, त्याचं व्हाउचर माझ्याच अक्षरातलं. चार वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या शाळेत गेलो. देणगीदाराची संगमरवरी पाटी लखलखीत पुसलेली, आणि तिच्याखालच्या नळाला सुतळी बांधलेली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘फिल्टर बदलायचा होता हो. मागायचे कुणाकडे?’’ ऑफिसात येऊन मी जुन्या फायली चाळल्या. यंत्राचं व्हाउचर होतं, उद्‌घाटनाच्या मांडवाचंही होतं. फिल्टरचं एकही नव्हतं, कारण ती रक्कम कुणी धरलीच नव्हती. मीसुद्धा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की एक काम धरा, ते कारखान्यापासून चालत जाता येईल इतकं जवळचं असू द्या, आणि पहिल्याच दिवशी तीन वर्षांचा देखभालीचा खर्च लिहून घ्या. मग त्यातून पैसे उरले तर दुसरं काम.

आणि दारात येणाऱ्यांचं काय, असं सासरे विचारतील. त्यांच्यासाठी वर्षाची एक छोटी रक्कम संचालक मंडळाच्या ठरावातच बाजूला काढा आणि कोणत्या संस्थांना द्यायचं तेही मंडळातच ठरवा. म्हाताऱ्या माणसाचा देता हात एकदम बांधू नये, घरात बसणं अवघड होतं.

एक मात्र देण्याच्या आधीचं, ते म्हणजे आपले कामगार. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांची पाळी 1912 मध्ये आली, देशात सगळ्या कारखान्यांसाठी तिचा कायदा 1948 चा. भविष्य निर्वाह निधी तिथे 1920 पासून, कायदा 1952 चा. गंमत अशी, की आजच्या नियमांत यातलं काहीही सीएसआरमध्ये मोजलं जाणार नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च त्यातून वगळलाय, आणि ते योग्यच आहे, नाहीतर पगारसुद्धा समाजसेवेत दाखवले असते लोकांनी. पण मोजत नाहीत म्हणून ते मागे ठेवायचं नसतं. तुमच्या कंत्राटी कामगारांचा पीएफ दर महिन्याला भरला जातो का? ठेकेदार ‘हो’ म्हणेल, त्यावर जाऊ नका, पैसे भरल्याचं चलन मागा. तिथे भोक असेल तर शाळेचं नंतर बघू.

दिरांचं म्हणणं मला तितकंसं चुकीचं वाटत नाही. ते नफ्यातल्या वाटेकऱ्यासारखं बोलतायत, आणि तसं कुणीतरी बोलायलाच हवं. त्यांच्याकडेच या कामाचा हिशेब सोपवा. खर्च बारकाईनं तपासणारा माणूस घरातच आहे, तो बाहेर कशाला शोधायचा?

प्रश्न : कंपनीच्या पैशातून बांधलेल्या वाचनालयाला आमच्या आजोबांचं नाव दिलं तर चालेल का? – आणखी एक वाचक

उत्तर : कंपनीत बाहेरचा एकही भागधारक नसेल आणि सगळे राजी असतील तर ठरावात तसं लिहून द्या. एकानेही कुरकुर केली तर नाव कंपनीचं. आजोबांचंच हवं असेल तर भावंडांनी आपापल्या खात्यातून वर्गणी काढावी. किती जण काढतात तेही कळेल.